माळावरची हरणे आणि पेरलेले कुरण

लातूर जिल्ह्याच्या भौगोलिक क्षेत्रापैकी एक टक्काही जमीन वनाखाली नाही, आणि तरीही औसा, निलंगा, चाकूर, उदगीर या तालुक्यांतील शेतकऱ्याला हरणांचे कळप पाहण्यासाठी कोणत्याही अभयारण्यात जावे लागत नाही. ते त्याच्या सोयाबीनमध्ये आणि हरभऱ्यातच येतात. ही हरणे म्हणजे बहुतांशी काळवीट होत. प्राणिशास्त्राच्या वर्गीकरणानुसार काळवीट हे खरे हरीण नव्हे. चितळ व सांबर यांच्या नरांची शिंगे भरीव, फांद्या फुटलेली आणि ठराविक काळाने गळून पुन्हा उगवणारी असतात, तर काळविटाची पिळदार शिंगे हाडाच्या गाभ्यावर टोपणासारखी चढलेली असून आयुष्यभर टिकतात. पहिल्या गटाला सारंग आणि दुसऱ्याला कुरंग म्हणण्याची पद्धत शासनाच्या पीकनुकसान भरपाईच्या कागदपत्रांतही आढळते. नांदेड जिल्ह्यात मात्र दोन्ही गटांचा प्रदेश शेजारीशेजारी येतो: दक्षिणेकडील देगलूर, मुखेड, कंधार हा लातूरला लागून असलेला उघडा माळ काळविटाचा, तर उत्तरेकडील किनवट–माहूरचे सागवानी जंगल आणि त्याला भिडलेले पैनगंगा अभयारण्य हे चितळ व सांबर यांचे. चाऱ्याचा प्रश्न दोन्हीकडे आहे, पण त्याची उकल एकच असू शकत नाही.

हरणांसाठी मुद्दाम चारा पेरण्याची कल्पना आज जगात सर्वाधिक रुजली आहे ती अमेरिकेत. तेथे खासगी जमिनीवर पांढऱ्या शेपटीच्या हरणांसाठी क्लोव्हर या तीनपानी द्विदल वनस्पतीचे तुकडे राखले जातात, आणि त्यामागील हेतू बहुतेक वेळा शिकारीचा असतो. तेथील आम्ल जमिनीत आधी चुना मिसळावा लागतो, हिवाळ्याच्या अखेरीस गोठणाऱ्या व वितळणाऱ्या मातीवर बी फोकले जाते आणि थंड, ओलसर हवेत ते रुजते. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने काळविटाला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वोच्च संरक्षणाच्या वर्गात, स्थान दिल्यामुळे हा हेतूच मुळात बाद ठरतो. उरतो तो प्रश्न एवढाच, की पिकाकडे वळणारे तोंड दुसरीकडे वळवता येईल असा चारा माळावर उभा करता येतो काय.

त्यासाठी क्लोव्हर कुचकामी आहे, हे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. अग्निजन्य काळ्या खडकापासून बनलेली मराठवाड्याची माती विम्लधर्मी असून पुष्कळ ठिकाणी तिच्यात चुनखडीचे खडे सहज दिसतात, म्हणजे अमेरिकेतील शेतकरी जो चुना विकत आणून टाकतो तो येथे आधीच गरजेपेक्षा जास्त आहे. पांढऱ्या क्लोव्हरला नांदेडचा चाळिशीपलीकडचा उन्हाळा सोसत नाही. त्याचाच भाऊबंद असलेला बरसीम भारतात विसाव्या शतकाच्या आरंभी इजिप्तमधून आला आणि उत्तरेतील कालव्याखालच्या शेतीत दुभत्या जनावरांचा उत्तम चारा ठरला, परंतु ऑक्टोबरात पेरलेल्या बरसीमला उन्हाळ्यापर्यंत दर दहा-पंधरा दिवसांनी पाणी द्यावे लागते. ज्या लातूर शहराला एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्यात वन्यप्राण्यांच्या चाऱ्यासाठी अशा पाळ्या देण्याचा विचार कोणी गंभीरपणे मांडू शकणार नाही.

त्याहून मोठी गोष्ट अशी, की क्लोव्हर ज्या कारणासाठी पेरतात ते काम लातूरच्या शिवारात आधीच होत आहे. क्लोव्हर हे शेंगवर्गीय कुळातील आहे; या कुळातील वनस्पतींच्या मुळांवर गाठी असतात, त्यांत राहणारे जिवाणू हवेतील नत्र झाडाला उपलब्ध करून देतात आणि त्यामुळे पानांत प्रथिने भरपूर साठतात. हरभऱ्याचे रोप फुलोऱ्याआधी उपटून मुळावरची गाठ नखाने फोडली तर आतला गर गुलाबी दिसतो, आणि तो रंग गाठ जिवंत व कामात असल्याची खूण मानला जातो. गेल्या काही दशकांत खरीप ज्वारी मागे सारून सोयाबीनने लातूरचा खरीप व्यापला, रब्बीत त्यामागून हरभरा आला, आणि अशा रीतीने जिल्हाभर शेंगवर्गीय कोवळ्या पाल्याचे एक विस्तीर्ण कुरण वर्षातील सात-आठ महिने उभे राहू लागले. हरणांसाठी चारा पेरला जात नाही असे नाही. तो शेतकऱ्याच्या खर्चाने पेरला जातो.

नुकसानीचे स्वरूपही पिकागणिक वेगळे आहे, आणि भरपाईचा पंचनामा करताना हा भेद सहसा लक्षात घेतला जात नाही. सोयाबीन उगवताना आपल्या दोन जाड दलिका मातीच्या वर उचलून आणते, त्यामुळे वाढीचे सगळे डोळे जमिनीच्या वर येतात. पहिल्या आठवड्यात दलिकांखाली तोंड बसले तर त्या रोपाला पुन्हा फुटण्यासाठी काहीही शिल्लक राहत नाही आणि दुबार पेरणीवाचून गत्यंतर उरत नाही. याउलट हरभऱ्याच्या दलिका मातीतच राहतात व वरचा शेंडा गेला तरी खालून फुटवे येतात, आणि म्हणूनच शेतकरी स्वतःदेखील हरभऱ्याचे शेंडे खुडतो. हरभऱ्यातील लवकरची चराई पीक काही अंशी भरून काढते, घाटे धरल्यानंतरची चराई व तुडवण मात्र भरून निघत नाही. याचा अर्थ राखणीची व पर्यायी चाऱ्याची सर्वाधिक गरज ज्या दिवसांत आहे ते दिवस मोजके आहेत: जून-जुलैतील सोयाबीनच्या उगवणीचे पहिले दोन-तीन आठवडे आणि हिवाळ्यात हरभरा घाट्यावर असतानाचा काळ.

काळवीट मुळात गवत खाणारा, उघड्यावर राहणारा प्राणी आहे. गर्द झाडी तो टाळतो, कारण त्याचा बचाव नजर आणि वेग या दोहोंवर अवलंबून असतो. पावसाळ्यात माळावरचे कोवळे गवत त्याला पुरते. अडचण सुरू होते ती दिवाळीनंतर. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटातील सूक्ष्मजीवांना चारा पचवण्यासाठी त्यात साधारण सात टक्के प्रथिने असावी लागतात, आणि बी गळून पिवळे पडलेल्या गवतात ती तीन-चार टक्क्यांवर येतात. पोट भरलेले असूनही प्राणी खंगतो, अशी ही अवस्था असते. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या शेतात याच्या कित्येक पट सकस असा हिरवा हरभरा उभा असतो. तेव्हा कुरण विकसित करण्याचा खरा अर्थ केवळ गवताचे वजन वाढवणे हा नसून, नोव्हेंबरपासून मेपर्यंत काहीतरी हिरवे आणि सकस टिकवून धरणे हा आहे.

येथील माळाची मूळ गवते या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. उथळ मुरमाड जमिनीवर पवन्या आणि डोंगरी, थोड्या खोल भारी जमिनीवर मारवेल, आणि चराईने पिचलेल्या जागी कुसळी, अशी त्यांची ढोबळ वाटणी असते. देवणी व लाल कंधारी हे या दोन जिल्ह्यांचे नामांकित गोवंशही याच प्रदेशात, कडबा आणि माळाच्या गवतावर पोसले गेले. यांतील कुसळीची बदनामी सर्वात जास्त. तिच्या दाण्याचे टोक सुईसारखे अणकुचीदार असून त्यावर उलट्या दिशेचे ताठ केस असतात, आणि मागे लांब, पीळ पडलेले कुसळ असते. ओल लागली की हा पीळ उलगडू लागतो, वाळला की पुन्हा भरतो, आणि या हालचालीने दाणा स्वतःला मातीत, किंवा मेंढीच्या कातडीत, खुपसत जातो. फुलोऱ्यापूर्वी हेच गवत जनावरे आवडीने खातात, म्हणून कुसळी उपटण्यापेक्षा ती वेळेत कापणे अधिक शहाणपणाचे. गवतांच्या जोडीला रानमूग, गोकर्ण यांसारखे देशी वेल माळावर उगवतात. क्लोव्हरची जागा घ्यायची ती यांनी. मूळची दक्षिण अमेरिकेतील स्टायलो ही शेंगवर्गीय वनस्पती कोरडवाहू कुरणांसाठी शिफारशीत असते व ती उशिरापर्यंत हिरवीही राहते; पण गावाच्या वैरणीच्या कुरणात ती ठीक असली तरी वन्यजीवांसाठी राखलेल्या माळावर परदेशी वनस्पती मुद्दाम आणण्याचे प्रयोजन दिसत नाही.

लागवडीची रीत साधी आहे, पण तिच्यात घाई चालत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जवळच्याच माळावरून जमवलेले बी ताजे असताना नीट उगवत नाही. त्याला सुप्तावस्था असते, म्हणजे पिकल्यानंतर काही महिने ते रुजण्यास तयार नसते, आणि म्हणून ते कोरड्या जागी ठेवून पुढच्या जूनमध्ये वापरावे लागते. केसाळ, हलके बी वाऱ्याने उडते व पाभरीच्या नळ्यातून उतरत नाही, यासाठी ते माती व शेणखतात कालवून त्याच्या गोळ्या करतात किंवा ओलसर मातीत मिसळून हाताने फोकतात. बी एक सेंटिमीटरपेक्षा खोल गेले तर बहुधा वाया जाते. ज्वारी-हरभऱ्याच्या पेरणीची सवय असलेल्या हाताला ही गोष्ट पटवणे अवघड जाते. मारवेलसाठी मुळांसह ठोंबे लावणे अधिक खात्रीचे ठरते. नांगरट करू नये, कारण उथळ मुरमावरची चार बोटे माती उलटली की ती पहिल्याच जोरदार पावसात वाहून जाते. खोल समतल चरांबाबतही हाच आक्षेप आहे: पाणी मुरवण्याच्या नादात चरातला मुरूम गवतावर लोटला जातो आणि जे कुरण वाचवायचे त्याचाच मोठा पट्टा गाडला जातो. खरी मेहनत पेरणीनंतरची आहे. तरोटा, गाजरगवत आणि रानतुळस फुलावर येण्याआधी, म्हणजे ऑगस्टच्या आत, हाताने उपटावे लागतात, आणि हे काम सलग तीन वर्षे केले नाही तर चौथ्या वर्षी पेरलेले गवत शोधावे लागते.

पहिले वर्ष चराईबंदी असते. त्यानंतर मात्र संपूर्ण बंदी हरणांच्या हिताची नाही, कारण कंबरेएवढ्या वाळलेल्या गवतात काळविटाला ना कोवळा घास मिळतो ना लांबवरचे दिसते. बी गळल्यानंतर कुरणाचा काही भाग कापून गावाने वैरण न्यावी, काही भाग पाडसांना लपण्यासाठी उभा ठेवावा आणि उरलेल्यात गुरांना व मेंढ्यांना पाळीपाळीने सोडावे, अशी मिश्र व्यवस्था उपयुक्त ठरते. बुडखे राखून कापलेल्या मारवेलला अवकाळी पावसाची एखादी सर जरी मिळाली तरी नवे कोंब फुटतात, आणि हिवाळ्याच्या मध्यावर तेच कोंब हरभऱ्याशी थोडीफार स्पर्धा करू शकतात.

हे सर्व करायचे कोठे, हा प्रश्न गवतापेक्षा कितीतरी गुंतागुंतीचा आहे. लातुरात वनजमीनच नगण्य असल्यामुळे उरते ते गायरान, म्हणजे गावाच्या चराईसाठी राखलेली सरकारी जमीन. २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे निर्देश दिले, परंतु मराठवाड्यातील गायरान हा केवळ अतिक्रमणाचा विषय नाही. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखालील १९५९ व १९६४च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांपासून पुढे अनेक दलित कुटुंबांनी या जमिनी कसून पोट भरले, आणि १४ एप्रिल १९९०पर्यंतची अशी वहिवाट नियमित करण्याचे धोरण शासनानेही स्वीकारले. हरणांच्या नावाने या कुटुंबांना उठवणारी कोणतीही कुरणयोजना अन्यायाची ठरेल, आणि टिकणारही नाही. त्यामानाने ज्या गायरानावर कोणी कसत नाही, तेथे झालेले नुकसान वेगळ्या प्रकारचे आहे. माळाला ‘पडीक’ ठरवण्याची जुनी खोड महसुली दप्तरातून वनीकरणात उतरली. २०१६ ते २०१९ या काळात राज्यात ५० कोटी झाडांचे लक्ष्य ठेवून झालेल्या मोहिमेसारख्या वृक्षारोपणांत मोकळी गवताळ जमीन ही खड्डे घेण्यास सोयीची जागा ठरते. झाडे जगली तर सावलीत गवत मरते, झाडे मेली तर खड्डे उरतात. काळविटाला दोन्हीचा उपयोग नाही. धनगरांच्या मेंढ्यांनाही नाही.

किनवटकडे परिस्थिती उलट आहे. तेथे जंगल आहे, पण दाट सागाखाली गवत कमी, आणि चितळाला हवा असतो तो जंगलाच्या कडेचा मोकळा तुकडा. मेळघाटात बोरी, कोहा, कुंड या गावांचे पुनर्वसन झाल्यावर त्यांच्या शेतजमिनींची कुरणे झाली आणि तृणभक्षी प्राणी तेथे जमू लागले, हे उदाहरण या भागासाठी जवळचे आहे; मात्र तेथे पेरलेल्या जमिनीची सुपीकता आणि व्याघ्र प्रकल्पाचे मनुष्यबळ हाताशी होते, ही गोष्ट विसरता कामा नये.

कुरण झाल्याने पिकाचे नुकसान थांबेल, असे आश्वासन देणे अप्रामाणिक होय. सात-आठ टक्के प्रथिनांचे गवत आणि त्याच्या दुपटीहून अधिक प्रथिनांचा हरभरा यांत प्राणी काय निवडेल हे उघड आहे. कुरणाने होते ते एवढेच, की कळपाला दिवसाचा बराच वेळ थांबण्यास जागा मिळते आणि त्या मोजक्या आठवड्यांतील राखण शेतकऱ्याच्या आवाक्यात येते. त्यातही जागेची निवड चुकली तर लाभाऐवजी हानी होते. पाणवठा कुरणाच्या मध्याजवळ असावा, शेताच्या बांधाशी नव्हे, नाहीतर पाण्यावर आलेला कळप पिकातच उतरतो. महामार्गालगतचा तुकडा कितीही मोकळा असला तरी घेऊ नये. आणि गावाच्या उकिरड्यापासून कुरण जितके दूर तितके चांगले, कारण उकिरड्यावर पोसलेली मोकाट कुत्री टोळीने माळावर येतात, आणि गवतात दडून बसलेले पाडस त्यांना वासाने सापडते.