बिनजुवाची शीर

आप्पांचा खोकला तीन आठवडे हटेना, म्हणून छातीचा एक्स-रे काढला. रिपोर्टात एकच ओळ: 'अझायगॉस लोब, नॉर्मल व्हेरिएंट.' त्यातलं 'नॉर्मल' मला दिसलंच नाही. लोब म्हणजे गाठ, असं परस्पर ठरवून मी घामाघूम!

रेडिऑलॉजिस्ट बाईंनी फिल्म उजेडावर धरली. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात केसासारखी बारीक, वळणदार रेघ आणि तिच्या खालच्या टोकाला चक्क स्वल्पविराम. "ही अझायगॉस शीर. गर्भात असताना फुप्फुसाच्या माथ्यावरून घसरून आत जायची, ती फुप्फुसातच रुतत खाली आली. शंभरात एखाद्याला असतं फार तर. काही करायचं नाही."

जीव भांड्यात पडला. पण तो शब्द काही डोक्यातून जाईना. रात्री कोश उघडला आणि उडालोच! ग्रीकमध्ये 'अ' म्हणजे नसणे आणि 'झुगॉन' म्हणजे जू. जू! बैलांच्या मानेवरचं! आमच्या गोठ्याच्या आढ्याला शिवळांसकट अजून टांगलेलं आहे, ते! संस्कृत 'युग', आपलं 'जू', लॅटिन 'युगुम', इंग्रजी 'योक' ही सगळी एका घरची भावंडं. तो नकाराचा 'अ'सुद्धा आपल्या 'अशक्य'मधलाच.

आणि नाव किती चपखल! ही शीर कण्याच्या उजव्या अंगाने बरगड्यांमधलं रक्त गोळा करत वर चढते, उजव्या फुप्फुसाच्या मुळावरून कमान घेते आणि वरच्या महाशिरेला मिळते. डावीकडे हिच्या तोलामोलाची दुसरी नाही. आहेत त्या लहान शिरा, त्याही बहुधा कणा ओलांडून हिच्यातच येतात. त्यांतल्या खालच्या शिरेचं नाव हेमिअझायगॉस, म्हणजे अर्धी बिनजोडीची! (हे बारसं करणाऱ्याला माझा दंडवत.) महाशिरेत अडथळा आला, तर रक्त हिच्या आडवाटेनेही हृदयाकडे जातं म्हणे. एकटी असून केवढा आधार.

मग झोप कसली? मानेतली जुग्युलर शीर काढली. लॅटिनमध्ये 'युगुलुम' म्हणजे गळ्यापाशी असलेलं हाड, शब्दशः छोटं जू. पुन्हा जू, आणि तेही मानेपाशी! नर-मादी पेशी जुळून होतो तो झायगोटही याच गोतावळ्यातला.

सकाळी आप्पांना सगळं एका दमात सांगितलं. जन्मभर बैल जुंपलेला माणूस, हरखून जाईल असं वाटलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, बशीतला चहा संपवला.

"बरं," ते म्हणाले, "आणि खोकल्याचं काय म्हणाल्या बाई?"

ते विचारायचं राहूनच गेलं होतं.