ताऱ्यावर घातलेला आळ

मुलाकडं कोथरूडला आलो की सकाळी वेताळ टेकडीवर जातो. फेब्रुवारी सरता सरता गवत खडखडीत वाळतं आणि कुठं ना कुठं जळका पट्टा दिसतोच. तो वास आला की मला आमच्या मुळशीतला १९७६ सालचा उन्हाळा आठवतो.

दहावीची परीक्षा देऊन घरी होतो. वडिलांनी राब भाजायला सांगितलं. शेण, पाला, गवत पसरलं, पेटवलं. जाळ बसला तसा मी जेवायला गेलो. राखेखाली धग राहते, हे शेतकऱ्याच्या पोराला कळायला हवं होतं. रात्री वारा सुटला, माळ पेटला आणि शेजारच्या तात्यांची पेंढ्याची गंजी गेली. वर्षाची वैरण! त्याच रात्री कुणीतरी तारा तुटताना पाहिला होता. सकाळी गावभर झालं, तारा पडून वणवा लागला. मी गप्प राहिलो. पावसाच्या तोंडावर तात्यांनी बैल विकले, तरी गप्पच.

यंदा २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, नातू मला विद्यापीठाच्या आवारात आयुका दाखवायला घेऊन गेला. तिथल्या एका पोराला मी विचारलं, "तारा पडून गवत पेटतं का हो?"

तो म्हणाला, "आजोबा, उल्का ऐंशी-शंभर किलोमीटर उंचीवरच पेटते. बहुतेक तिथंच संपतात. एखादा लहान दगड खाली आलाच, तरी येईस्तोवर त्याचा वेग मोडतो, तो निवतो. लोणारचं विवर करणारा धोंडा असेल तर गोष्ट वेगळी."

मग त्यानं अमेरिकेतली हकिगत सांगितली. ८ ऑक्टोबर १८७१ च्या एकाच रात्री शिकागो शहर आणि पेश्टिगो गाव पेटलं. पेश्टिगोकडं हजारावर माणसं गेली. पुढं एकानं बिएलाच्या धूमकेतूवर आळ घेतला. पण तिकडं पाऊस नव्हता, रान वाळलेलं होतं, जमीन मोकळी करायला लोक जागोजागी जाळ लावत होते आणि त्यात वारा सुटला.

म्हणजे आमच्यासारखंच.

दुसऱ्या दिवशी एसटीनं गावी गेलो. तात्या आता नाहीत. काकूंपुढं बसलो आणि सगळं सांगून टाकलं.

काकू म्हणाल्या, "आमाला तवाच ठावं व्हतं. जळका पट्टा तुज्या राबापास्नं निघाला व्हता. तारा काय राबातनं चालत येतोय व्हय? पन हे म्हनले, पोरगं हाय, जाऊ दे ताऱ्याच्या नावावर."

मी खाली मान घालून चहा प्यालो.