वर्गाचा निकाल आणि एकाचे गुण

परवा हे चंदनसारच्या रस्त्यावरून एकटेच चालत जाऊन भाजी घेऊन आले. मेथीची जुडी शिळी आणली म्हणून मी रागावले, आणि मग माझं मलाच हसू आलं. २०२२च्या ऑगस्टमध्ये हेच गृहस्थ पलंगापासून मोरीपर्यंत जाताना धापा टाकत होते.

आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन केमो चालू होती. डावी पोटरी सुजून दुखत होती. आम्हाला वाटलं, अशक्तपणा असेल. चार दिवस मी लिंबूसरबत पाजत बसले. चूक माझीच. शेवटी लेकाने रिक्षा आणली. सीटी स्कॅनमध्ये कळलं, पायाच्या शिरेतली रक्ताची गुठळी सुटून हृदयातून पुढे फुप्फुसात जाऊन अडकली होती.

नणंद फोनवर म्हणाली, "अगं, एक गाठ काढली ना, आता ही दुसरी कुठली?" गाठ वेगळी, गुठळी वेगळी, पण दोघींचं नातं जुनं. कॅन्सरमध्ये रक्त लवकर गोठतं, त्यात केमो आणि अंथरुणावर पडून राहणं. पॅरिसच्या त्रूसो नावाच्या डॉक्टरांनी हे नातं १८६५ साली मांडलं. पुढे स्वतःच्याच शिरेत गुठळी झालेली पाहून त्यांनी आपला आजार ओळखला, आणि १८६७ साली जठराच्या कॅन्सरने ते गेले.

रात्री भाच्याने आकडा वाचून दाखवला. डेन्मार्कमधला अभ्यास, २०००चा. कॅन्सर आणि गुठळी एकाच वेळी सापडलेल्यांपैकी वर्षभराने शंभरात १२ जण हयात; गुठळी नसलेल्यांत ३६. त्या रात्री डोळा लागला नाही.

पहाटे शाळा आठवली. जन्मभर निकालपत्रकं भरली मी. टक्का वर्गाचा असतो, गुण ज्याचे त्याचे. त्या शंभरात पुष्कळांचा कॅन्सर आधीच पसरलेला होता. ह्यांचा पसरलेला नव्हता, आणि गुठळीही मागाहून झालेली. म्हणजे तो वर्गच ह्यांचा नव्हता! शिवाय औषधं सुधारली आहेत. गुठळी पुन्हा होऊ नये म्हणून हेपॅरिनच्या एका प्रकारची इंजेक्शनं जुन्या गोळ्यांपेक्षा सरस, हे २००३ साली दिसलं. आता पुष्कळांना नव्या गोळ्याही चालतात.

ह्यांना आधी इंजेक्शनंच होती. पोटाची कातडी चिमटीत धरून मीच द्यायची. पहिल्या दिवशी माझा हात थरथरला, तर हे म्हणतात, "बाई, छडी मारताना नाही हो थरथरायचा!"

आजार कायमचा गेला, असं मी म्हणणार नाही. प्रत्येक तपासणीच्या आदल्या रात्री पोटात गोळा येतोच. पण घरात कुणाची केमो चालू असेल आणि एकच पाय सुजला, अचानक धाप लागली, छातीत दुखलं, तर माझ्यासारखं सरबत करत बसू नका. तडक दवाखाना गाठा. चार दिवस घालवूनही आम्ही निभावलो, ते नशीब.

असो. मेथी निवडायची आहे. शिळी असली तरी ह्यांनी स्वतः आणलेली आहे.