ब्राह्मी घ्यायची, पण कोणती आणि कशासाठी?

"डॉक्टर, बाबांचा विसरभोळेपणा वाढलाय, म्हणून ब्राह्मी सुरू केली आहे," असे सांगणारे बरेच जण मला भेटतात. पनवेलला आयुर्वेद नवा नाही. श्री धूतपापेश्वर ही औषधनिर्मिती संस्था 1872 साली इथेच सुरू झाली. त्यामुळे ब्राह्मीवरचा विश्वास मी समजू शकतो. मी स्वतः ब्राह्मी-माक्याच्या तेलावर वाढलो आहे!

पण तुमची ब्राह्मी नेमकी कोणती? आपल्याकडे हे एक नाव दोन वनस्पतींना लावतात. चिखलात, पाण्याच्या काठाने जमिनीलगत पसरणारी, जाडसर छोट्या पानांची, फिकट निळ्या-पांढऱ्या फुलांची ती ब्राह्मी. गोल, कातरलेल्या कडांच्या पानांची ती मंडूकपर्णी. दोन्ही औषधी, पण गुण आणि मात्रा वेगळ्या.

ब्राह्मीवर माणसांमध्ये अभ्यास झाले आहेत. त्यांत ठरावीक मात्रेचा अर्क रोज साधारण 12 आठवडे दिल्यावर काहींची स्मरणशक्ती थोडी सुधारली. म्हणजे परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मुलाला दिलेल्या चमचाभर रसाकडून फार अपेक्षा ठेवू नका. मळमळ, पोटात कळ, पातळ शौच हे त्रासही होऊ शकतात.

दुसरे म्हणजे, ही वनस्पती पाण्यातले कॅडमियम, क्रोमियमसारखे जड धातू शोषून घेते. कासाडी नदीच्या प्रदूषणाच्या बातम्या आपण वाचतोच. नाल्याकाठची ब्राह्मी कितीही हिरवीगार दिसली तरी आणू नका. आत शिरलेले धातू धुऊन किंवा उकळून जात नाहीत. घरी कुंडीत स्वच्छ पाण्यावर ती सहज वाढते.

आणि सर्वांत महत्त्वाचे. वयस्कर माणूस विसरू लागला, की त्यामागे बी-12 ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य किंवा झोपेच्या गोळ्याही असू शकतात. वेळीच ओळखले तर यांवर उपाय आहेत. बी-12 ची कमतरता लांबली तर नसांची हानी कायमची राहू शकते. ब्राह्मीच्या भरवशावर सहा महिने गेले, तर नुकसान ब्राह्मीमुळे नाही, उशिरामुळे होते.

म्हणून आधी तपासणी करा. मग ब्राह्मी घ्यायचीच असेल तर वैद्यांच्या सल्ल्याने घ्या. फिट्स, हृदय किंवा थायरॉईडची औषधे चालू असतील तर आपल्या डॉक्टरांना आधी सांगा, आणि ती औषधे परस्पर बंद करू नका.