एका उडीची जडणघडण

शिगेरू मियामोतो निन्टेन्डोत नोकरीला लागले १९७७ साली, तेही डिझायनर म्हणून. प्रोग्रॅमिंगशी त्यांचा संबंध नव्हता. चारच वर्षांनी त्यांनी 'डाँकी काँग' हा खेळ रचला: तिरक्या तुळयांवरून गडगडत येणारी पिंपं आणि ती चुकवत वर चढणारा एक सुतार. मोजक्या ठिपक्यांत तोंड दाखवणं अवघड, म्हणून त्याला मिशी मिळाली. केस काढायला नकोत म्हणून टोपी. हाच पुढचा मारियो. त्याची उडी मात्र एका मापाची, आणि जरा उंचावरून पडला की खेळ खलास.

१९८५च्या 'सुपर मारियो ब्रदर्स'मध्ये त्या उडीत जीव आला. बटण दाबून धरलं तर उंच, पटकन सोडलं तर बुटकी, धावत येऊन मारली तर लांब. हवेतसुद्धा दिशा थोडी वळवता येते. प्रत्यक्षात असं कुणालाच जमणार नाही, पण बोटांना ते अगदी खरं वाटतं.

ताकाशी तेझुका यांच्यासोबत मियामोतोंनी या खेळाच्या पातळ्या आलेखकागदावर आखल्या. सगळा खेळ ४० किलोबाइटमध्ये बसवायचा होता. ढग आणि झुडपं म्हणजे एकच चित्र, फक्त रंग वेगळे.

पण खरी करामत पहिल्याच पडद्यावर आहे. मारियो डावीकडे उभा, उजवीकडे मोकळं रान. म्हणजे जायचं कुठे ते कळलंच. समोरून गूंबा नावाचा शत्रू येतो. उडी मारली नाही तर जीव जातो. मग वरच्या चौकोनाला डोकं आपटलं की अळंबी निघते, घरंगळत पाइपला धडकते आणि उलटी अंगावर येते. घाबरून उडी मारावी तर वर विटा. डोकं आपटून मारियो बहुधा तिच्यावरच पडतो आणि एकदम मोठा होतो! भीती गेली, धडा मिळाला, एक शब्दही न वाचता.

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांकडे हा खेळ नकली यंत्रांवरच्या कॅसेटमधून आला. सूचना समजावून सांगायला कुणी नव्हतं, तरी कुणाचं काही अडलं नाही.

पुढे या उडीत माया आली. २०१८च्या 'सेलेस्ट' या वेगळ्याच खेळात कड्यावरून पाय सुटल्यावरही क्षणभर उडीचं बटण चालतं. कार्टूनमधल्या हवेत चालणाऱ्या कोल्ह्यावरून या सवलतीला 'कायोटी टाइम' म्हणतात. खेळणाऱ्याला तिचा पत्ताही लागत नाही. वेळ आपणच साधली असं त्याला वाटतं. इतक्या कठीण खेळात केलेली ही कदर फार मोलाची आहे.

घरातल्या लहानग्याला मारियो खेळायला द्याल तेव्हा शेजारी बसून 'आता उडी मार' असं सांगू नका. पहिली पातळी त्याची त्याला खेळू द्या.