अनुस्वार भरतो तेव्हा

मराठी मुद्रणाचा इतिहास शिकवताना आम्ही दोघे काही नावांपाशी हटकून थांबतो. १८३१ साली मराठी पंचांग छापणारे गणपत कृष्णाजी, निर्णयसागरचे जावजी दादाजी, अक्षरे ओतण्याच्या यंत्राचा ध्यास घेऊन परदेशी गेलेले शंकर आबाजी भिसे, १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढणारे का. र. मित्र. या परंपरेत संपादक आहेत, मुद्रक आहेत, संशोधक आहेत. मात्र छपाईचे यंत्र बसवून देण्यासाठी आणि ते अडले की सुरू करण्यासाठी गावोगाव फिरणारा माणूस तिच्यात कोठे दिसत नाही. असा एक माणूस वसतिगृहाच्या दिवसांपासून आमचा मित्र आहे. त्याच्याविषयी लिहिण्याला एक निमित्तही घडले आहे.

त्याचे काम चार रंगांच्या ऑफसेट यंत्रांचे. यंत्र पेट्यांमधून सुटे येते. फाउंडेशन तयार झाले की एकेक युनिट उतरवून लेव्हलला आणायचे. त्याच्याजवळच्या लेव्हलची एक रेघ म्हणजे मीटरमागे ०.०२ मिलिमीटरचा फरक. एवढ्याशाने काय बिघडते, असे आम्ही एकदा विचारले तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही मास्तर लोक ऱ्हस्व-दीर्घाचे मार्क कापता ना? तसंच हे." निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा हे चारही रंग एकामागून एक अचूक त्याच जागी पडावे लागतात. एखादा रंग केसभर सरकला तरी चित्र धूसर दिसते.

दिवाळी अंकांची छपाई पावसाळ्याच्या उत्तरार्धात जोर धरते आणि नेमकी तेव्हाच हवा दमट असते. कागद ओलावा पितो आणि तंतूंच्या आडव्या दिशेने अधिक फुगतो. मग पहिला रंग जेथे पडला तेथे चौथा पडत नाही. छापखान्याचे मालक फोनवर सांगतात, "मशीन बिघडलं." पुष्कळदा यंत्र ठणठणीत असते, बिघडलेली असते ती खोलीतली हवा. म्हणून तक्रार पूर्ण ऐकून घ्यायची, पण निदान तिच्यावरून करायचे नाही, अशी त्याची रीत. आधी छापील ताव भिंगाखाली धरायचा. मजकूर देवनागरी असेल तर तो प्रथम अनुस्वार पाहतो. शाई वाजवीपेक्षा जास्त झाली किंवा दाब वाढला की टिंब फुगते, 'थ'ची गाठ बुजते. आम्ही ज्या पानावर अर्थ शोधतो, त्याच पानावर तो कारण शोधतो.

वीस वर्षे तो असा फिरला. शिवकाशी, कोल्हापूर, नागपूर, गुवाहाटी. बहुतेक सण त्याने लॉजवर काढले. गेल्या वर्षी त्याच्या आईला पक्षाघात झाला आणि त्याने फिरती सोडून पुण्यातले टेबलावरचे काम मागून घेतले. आता तरुण इंजिनियर साइटवर जातात आणि हा कार्यालयात बसून त्यांना मार्ग दाखवतो. यंत्रातले आकडे त्याला पडद्यावर दिसतात. कधी मुले मोबाइल यंत्राजवळ धरून आवाज ऐकवतात. "कान पोचतो रे, हात पोचत नाही," असे तो एकदा म्हणाला. ते ऐकून आम्हां दोघांनाही काही बोलता आले नाही.

त्याने आपल्या अकरा वह्या आमच्या स्वाधीन केल्या, हेच ते निमित्त. डिप्लोमा करून आलेल्या नव्या मुलांना उपयोगी पडतील अशा त्या 'नीट मराठीत' लिहून द्याव्यात, ही त्याची विनंती. येथे आमच्यातच मतभेद झाला. 'डबल मारतंय', 'शीट तिरकी जाते', 'अनुस्वार भरतोय' या नोंदींना प्रमाणरूप द्यावे, म्हणजे अनुभव विद्येच्या पातळीवर जाईल, असे एकाचे म्हणणे. दुसऱ्याचा प्रश्न होता की, रात्री दोन वाजता मशीनमनने 'प्रतिमेची द्विरुक्ती होत आहे' असा फोन कधी केला आहे काय? परिभाषा म्हणजे तरी काय? ज्यांना ती वापरायची आहे त्यांच्यात ती निःसंदिग्ध असली पाहिजे. या कसोटीवर त्या वह्यांतली भाषा पुरेशी शास्त्रीय होती. अखेरीस आम्ही तारखा लावल्या, विरामचिन्हे घातली, शेवटी शब्दसूची जोडली आणि त्याचे शब्द तसेच राहू दिले.

एक शंका मात्र त्यालाच विचारावी लागली. शाईच्या रोलरांविषयी एके ठिकाणी 'चुरचुर' होते, दुसरीकडे 'चपचप' आणि आणखी एका पानावर 'चपाचपा'. शेवटच्या दोहोंपैकी एक लेखनदोष असावा, असा आमचा तर्क होता. तो म्हणाला, "नाही. चुरचुर म्हणजे शाई बरोबर आहे. चपचप म्हणजे जास्त झालीय. चपाचपा ऐकू आलं तर मशीन थांबवा, मग मला फोन करा."

तिन्ही रूपे आम्ही शब्दसूचीत स्वतंत्र नोंदवली आहेत.