रेघ पडलेली चादर

गेल्या दिवाळीला माझी धाकटी लेक पुण्याहून सोलापूरला आली, ती काम बरोबर घेऊनच. फराळाचे ताट पुढे आणि कान फोनला! शेवटी मी विचारले, "बाई गं, एवढे आहे तरी काय?"

ती सॉफ्टवेअर करते. वृद्धांना औषधांच्या वेळा सांगणारे अ‍ॅप तिच्याकडे आहे. वर्षभर खपून एकदम माल द्यायचा, असे त्यांच्यात नाही. दर दोन आठवड्यांनी थोडे थोडे करून गिऱ्हाइकाला दाखवतात. या रीतीला 'अ‍ॅजाइल', म्हणजे चपळ, म्हणतात. २००१ साली अमेरिकेत १७ जणांनी तिचा जाहीरनामा काढला.

"मग अडले कुठे?"

"एकाच गोळीची आठवण कधीकधी दोनदा येते, बाबा. साहेब म्हणतात, आज 'पूर्ण' म्हणून लिही, दुरुस्ती पुढच्या खेपेला."

मी नकळत खिशातल्या रक्तदाबाच्या गोळ्या चाचपल्या. आणि मला १९६८ सालची दिवाळी आठवली.

तेव्हा आमच्या घरी चादरींचे दोन माग होते. अप्पा सूत आणायला गेले आणि माग माझ्यावर सोपवून गेले. ताण्याचा एक धागा तुटला. मला तो दिसलाही. पण माग थांबवून धागा सांधायचा म्हणजे वेळ जाणार, आणि मला तर संध्याकाळी अप्पांना चादरींचा आकडा दाखवायचा होता! मी माग चालूच ठेवला. सात चादरी उतरल्या. सातांवरही या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ. व्यापाऱ्याने घडी उलगडली आणि परत केल्या. सूत उधारीचे. त्या दिवाळीला आईने नवे लुगडे घेतले नाही. अप्पा रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, "तुटला तेव्हा एकाच धाग्याचे काम होते रे."

हे ऐकून लेक म्हणाली, "जपानच्या साकिची टोयोडांनी १९२४ साली धागा तुटताच आपोआप थांबणारा माग काढला होता, बाबा. दोष दिसला की तिथेच थांबायचे, हे तत्त्व पुढे टोयोटाच्या मोटारींत गेले आणि तिथून आमच्यात आले."

मला मोठी गंमत वाटली. घडी उलगडणारा व्यापारी फार तर किती चादरी वाया गेल्या ते सांगेल. चादर चांगली करण्याची वेळ धागा तुटला तीच. थोडे थोडे काम करायचे ते तुटलेला धागा लवकर दिसावा म्हणून. दिसूनही थांबायचे नसेल, तर चपळाईने रेघच तेवढी लांबते.

लेकीने फोन उचलला. "साहेब, हे पूर्ण झालेले नाही. मी तसे लिहिणार नाही." पलीकडचा आवाज मला दारापर्यंत ऐकू आला. दुरुस्ती चार दिवसांत झाली. त्या वर्षीची तिची बढती मात्र हुकली. हे तिने मला फार उशिरा सांगितले.

त्या रात्री तिने पांघरूण मागितले. सातांपैकी एक चादर अजून आमच्याकडे आहे. धुऊन धुऊन मऊ झाली आहे, रेघ तशीच आहे. तीच मी तिच्या अंगावर घातली.